वहीतले घनफूट आणि मशिदीचे खांब

कोकणातल्या आमच्या गावच्या मशिदीचे छप्पर उतरवायचे ठरले, तेव्हाची ही गोष्ट आहे. मशीद जुनी, कौलारू. आतले खांब, तुळया, वासे सगळे सागाचे. काही ठिकाणी वाळवी लागलेली, काही ठिकाणी पाणी मुरलेले. चांगले लाकूड निवडून पुन्हा वापरायचे आणि कमी पडेल तेवढेच नवे घ्यायचे, असे जमातीने ठरवले. अंदाज घेण्यासाठी जुन्या वह्या काढल्या. स्वातंत्र्यापूर्वीच्या एका वहीत त्या वेळच्या मुतवल्लींच्या हातची नोंद सापडली: गोल साग, ४१२ घनफूट. पुढे किंमत, होडीचे भाडे, करवतीची मजुरी.

गावातल्याच एका तरुण इंजिनीअरने काम अंगावर घेतले होते. एका घनमीटरमध्ये ३५.३१ घनफूट असतात, हे त्याला पाठ होते. त्याने भागाकार केला: ११.६७ घनमीटर. मग छपरातून उतरलेले आणि उभे असलेले सगळे लाकूड टेप लावून मोजले. ते भरले ९.१ घनमीटर. म्हणजे विकत घेतलेल्या गोल लाकडापैकी ७८ टक्के लाकूड चौकोनी होऊन मशिदीत उभे होते.

लाकडाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हे पटणारे नाही. गोल ओंडका चौकोनी करताना कडेचे गोलवट तुकडे जातात, करवतीचा भुसा जातो, गाठी आणि पोकळ भाग टाकावे लागतात. साठ टक्के हाती आले तरी सुतार खूश असतो. ७८ टक्के कुठून आले?

जमातीच्या बैठकीत तीन उत्तरे निघाली. एक बुजुर्ग म्हणाले, अल्लाहच्या घराचे काम होते, बरकत झाली. इंजिनीअर म्हणाला, वहीतला आकडा चुकला आहे. तिसरे उत्तर हळू आवाजात आले, पण सगळ्यांनी ऐकले. त्या काळी सरकारी जंगल जवळ होते. परवाना कमी लाकडाचा आणि आणलेले लाकूड जास्त, असेही झाले असेल. त्या मुतवल्लींचा नातू बैठकीत बसला होता. तो काही बोलला नाही.

उत्तर सापडले ते एका म्हाताऱ्या वखारवाल्या चाचांमुळे. त्यांनी वही हातात घेतली आणि इंजिनीअरला एकच प्रश्न विचारला, "बेटा, हे दोरीचं माप आहे का पुरं माप?" कोणालाच प्रश्न कळला नाही. मग त्यांनी वहीची मागची पाने उलटली. तिथे एकेका ओंडक्याची यादी होती. घेर इंचात, लांबी फुटात, पुढे घनफूट. एका ओळीत होते: ६०, २०, ३१। . जुन्या हिशेबात उभा दंड म्हणजे पाव, म्हणजे हा आकडा सव्वाएकतीस.

आता वाचकांनी कागद घेऊन गणित करून पाहावे. साठ इंच घेराचा आणि वीस फूट लांबीचा ओंडका गोल धरून शाळेतल्या सूत्राने मोजला, तर जवळजवळ पावणेचाळीस घनफूट भरतो. वहीत मात्र सव्वाएकतीस. साडेआठ घनफूट गेले कुठे? ते कुठेच गेलेले नाहीत. ते मोजलेलेच नव्हते.

चाचांनी सुतळीचा तुकडा घेऊन ते करून दाखवले. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळायची. ती काढून दुमडायची, पुन्हा दुमडायची. अशी दोरीची चौघडी झाली की तिची लांबी घेराच्या चौथ्या हिश्शाइतकी होते. साठ इंचांची चौघडी पंधरा इंच. पंधराला पंधराने गुणले की २२५. त्याला वीस फुटांनी गुणले की ४५००. इंचांचे फूट करायला १४४ ने भागले की बरोबर सव्वाएकतीस. ओंडका गोल असतो, पण हिशेबात तो घेराच्या चौथ्या हिश्शाएवढी बाजू असलेला चौकोनी खांब धरला जातो.

या पद्धतीला इंग्रजी व्यापारात हॉपसचे नाव आहे. एडवर्ड हॉपस हा इंग्लंडमधला मोजणीदार. त्याची लाकूड मोजण्याची कोष्टके १७३६ साली छापली गेली आणि पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ वखारीत, गोदीत, जंगलात वापरली गेली. ज्या माणसाला वर्तुळाचे गणित येत नाही त्यानेही दोरी दुमडावी, कोष्टकात पाहावे आणि आकडा लिहावा, इतकी ती सोपी. इंग्रजी राजवटीबरोबर ती हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात आली आणि जंगलखात्यापासून बंदरावरच्या दलालापर्यंत सगळ्यांच्या हातात बसली.

गणित सांगायचे तर चौथाई घेराने मोजलेला आकडा खऱ्या घनफळाच्या ७८.५४ टक्के असतो. उरलेले २१.४६ टक्के लाकूड मोजणीत धरलेच जात नाही. मोठा ओंडका असो की लहान, हे प्रमाण बदलत नाही. यामागे व्यापाऱ्याचे म्हणणे असे की गोल ओंडका चौकोनी करताना काही लाकूड वाया जाणारच, तर त्याचे पैसे घेणाऱ्याने का द्यावे? म्हणणे अगदीच गैर नाही. गोलात पुरता बसणारा चौकोन कापला तर वर्तुळाचे सुमारे ६४ टक्केच हाती येतात. म्हणजे हॉपसचे माप घेणारा आणि देणारा यांच्या मध्ये कुठेतरी पडते. पण ही तडजोड आहे. ते घनफळ नव्हे. आणि त्या तडजोडीचे नावही घनफूटच.

पुढचा हिशेब सोपा झाला. वहीतले ४१२ घनफूट दोरीचे होते. त्यांना ०.०२८३२ ने नव्हे, तर ०.०३६०५ ने गुणायला हवे होते. उत्तर १४.८५ घनमीटर. त्यातले ९.१ घनमीटर उभे असतील तर प्रमाण पडते ६१ टक्के. चांगल्या करवतकाराच्या हातून निघावे तेवढेच. बरकत झाली असेल, पण ती आकड्यात नव्हती. चोरीही नव्हती. वहीसुद्धा बरोबर होती. चुकला तो आमचा भागाकार.

मला या गोष्टीने बरेच दिवस सोडले नाही. एका मेलेल्या माणसाच्या अमानतीवर शंका आली, आणि ती आली एका शाळकरी गणितामुळे. मग जुनी लाकडाची मापे वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आले की हे आमच्या गावापुरते नाही. लाकडाच्या मोजणीवरून मोठमोठे तंटे झाले आहेत आणि त्यातला एक थेट रत्नागिरीपर्यंत येऊन पोचतो.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तिथे ठेवलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. त्याच्या पदच्युतीच्या कथेत सागवान आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत १८६३ साली उभी राहिलेली कंपनी. ती वरच्या ब्रह्मदेशातल्या राजाच्या जंगलातून साग काढी. ओंडके नदीत सोडले जात आणि वाहत खाली इंग्रजी हद्दीतल्या तौंगूला येत. तोडलेले ओंडके आणि राजाला पैसे दिलेले ओंडके यांचा मेळ बसत नाही, कंपनीने नोंद कमी केली आहे, असा राजदरबाराचा आरोप होता. १८८५ साली दरबाराने कंपनीला २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रज सरकारने ते निमित्त केले. फ्रेंचांचा ब्रह्मदेशात वाढणारा प्रभाव त्यांना खुपत होता आणि मुलूख हवा होता, ही खरी कारणे. पण कागदावर पुढे आला तो लाकडाचा तंटा. नोव्हेंबरमध्ये फौज चालून गेली, मंडाले पडले, २९ नोव्हेंबर १८८५ रोजी थिबा शरण गेला. १ जानेवारी १८८६ ला वरचा ब्रह्मदेश खालसा झाला आणि त्याच वर्षी राजाला रत्नागिरीला आणले. राजवाडा बांधून झाला १९१० साली, आणि १९१६ साली राजा तिथेच वारला.

त्याआधी पाव शतकापूर्वी बहादूरशहा जफर रंगूनला पाठवले गेले होते आणि १८६२ साली तिथेच दफन झाले. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात, ही अदलाबदल आपण हळहळून सांगतो. त्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागात ओंडके मोजण्याचा तंटा आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते.

ब्रह्मदेशच्या सागाचे मापही असेच फसवे. तो साग टनावर विकला जाई. टन म्हटले की आपल्याला वजन आठवते. पण हा टन वजनाचा नाही, घनफळाचा. पन्नास घनफुटांचा एक टन. लाकूड चौकोनी असेल तर हे पन्नास घनफूट खरे, म्हणजे १.४१६ घनमीटर. ओंडका गोल असेल तर पन्नास घनफूट हॉपसचे, म्हणजे १.८०३ घनमीटर. एकच शब्द, आणि फरक जवळजवळ चार दशांश घनमीटरचा. शंभर टनांच्या एका खेपेत हा फरक ३८ घनमीटरहून अधिक होतो. आमच्या मशिदीसारख्या अडीच मशिदींना पुरेल इतके गोल लाकूड केवळ शब्दाच्या अर्थात लपून बसते. इंग्लंडमध्ये तर आणखी गुंता. तिथे 'लोड' हे माप होते. न तासलेल्या लाकडाचा लोड ४० घनफुटांचा आणि चौकोनी लाकडाचा ५० घनफुटांचा.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजी मापे येण्याआधी आणि आल्यावरही खंडी चालत होती. खंडी म्हणजे वीस मण, हे आपल्याला माहीत असते. पण मण कोणाचा? मद्रासची खंडी ५०० पौंडांची, मुंबईची ५६० पौंडांची आणि मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी ७८४ पौंडांची. मलबार आणि कानडा किनाऱ्यावर लाकूडही खंडीवर विकले जाई. तिथे खंडी हे घनफळाचे माप. एखाद्या जुन्या कागदात 'साग, इतक्या खंडी' असे दिसले आणि कोणत्या बंदराची खंडी ते लिहिलेले नसेल, तर त्याचे घनमीटर करायच्या फंदात पडू नये. आकडा निघेल, पण तो आपला असेल, कागदाचा नसेल.

मापात फरक असणे हा एक प्रश्न. मोजणारा कोण, हा दुसरा. मलबारात कंपनी सरकारने १८०६ साली कॅप्टन वॉटसन याला जंगलांचा पहिला संरक्षक नेमले आणि सागाची मक्तेदारी हाती घेतली. लाकूड जहाजबांधणीसाठी हवे होते. जंगलमालक आणि लाकडाचे व्यापारी, ज्यांत मापिळा मुसलमान बरेच होते, त्यांना आता एकच गिऱ्हाईक उरले. भाव त्याचा आणि मोजणीही त्याचीच. असंतोष इतका वाढला की १८२३ साली गव्हर्नर टॉमस मनरोच्या काळात ही व्यवस्था बंद करावी लागली. ज्याच्या हातात दोरी तोच विकत घेणारा असेल, तर चौघडी किती घट्ट ओढायची हेही तोच ठरवतो.

आपल्या धर्मात मापाचा प्रश्न किती गंभीर मानला आहे ते वाचकांना सांगायला नको. कुरआनातली एक सूरह, अल्-मुतफ्फिफीन, तिचे नावच मापात मारणाऱ्यांवरून पडले आहे. घेताना पुरते घेणारे आणि देताना कमी देणारे, हा तिचा विषय. मुस्लिम राजवटीत बाजारातली वजने-मापे तपासायला मुहतसिब असे. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. माप हा नुसता आकडा नसतो, तो दोन माणसांमधला करार असतो, ही समज आपल्या परंपरेत जुनी आहे, एवढेच म्हणायचे आहे.

या समजेचा एक सुंदर नमुना आईन-ए-अकबरीत आहे. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या शेवटी हे काम पुरे केले. त्यात इमारतीच्या सामानाचा भाग आहे आणि तिथे ७२ जातींच्या लाकडांची यादी आहे. प्रत्येक जातीचे एक घनगज लाकूड किती वजनाचे भरते, ते मण, शेर आणि दामात दिले आहे. सर्वांत जड खंजक, २७ मण १४ शेर. सर्वांत हलके सफेदार, म्हणजे पॉपलर, सहा मणांहून थोडे जास्त.

हे आकडे आजच्या मापात आणता येतात का? करून पाहू. अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा. इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात तो ३३ इंच धरला. त्या हिशेबाने एक घनगज म्हणजे ०.५८९ घनमीटर. अकबरी शेर ३० दामांचा, मण ४० शेरांचा, म्हणजे मणात १२०० दाम. तांब्याच्या दामाचे वजन २१ ग्रॅमच्या आसपास. तेव्हा मण सुमारे २५ किलोचा. यावरून खंजकाचे वजन निघते घनमीटरला साधारण ११७० किलो. पाण्याचे वजन हजार किलो, म्हणजे हे लाकूड पाण्यात बुडेल. अतिशय कठीण लाकडाला हे वजन शोभते. सफेदाराचे निघते २६० किलोच्या वर. पॉपलरच्या मानाने थोडे कमी, पण हलक्या लाकडाच्या रांगेतलेच.

चारशे वर्षांपूर्वीचे आकडे आणि उत्तर अकलेला धरून येते. याचे कारण अबुल फजलने आकड्यासोबत सगळे काही दिले आहे. गज किती अंगुळांचा, शेर किती दामांचा, मोजले काय. गज अनेक प्रकारचे चालतात, हेही त्याने नोंदवले आहे. पुढच्या माणसाला आपला गज माहीत असेलच असे त्याने गृहीत धरले नाही. आमच्या गावच्या मुतवल्लींनीही नकळत तेच केले. त्यांनी नुसते ४१२ लिहिले नाही, मागे एकेका ओंडक्याचा घेर आणि लांबी लिहून ठेवली. ती यादी नसती तर चाचांचा प्रश्न तसाच राहिला असता.

गजाच्याच निमित्ताने एक शब्द. आपले जुने सुतार तसू म्हणत. गजाचे २४ भाग केले की एक भाग म्हणजे तसू. हा शब्द फारसी तस्सूजवरून आला आणि अबुल फजलही गजाचे २४ तस्सूज सांगतो. म्हणजे आग्र्याच्या इमारतखान्यातला शब्द कोकणातल्या सुताराच्या तोंडी होता. पण शब्द आला तरी लांबी तीच राहिली नाही. मुंबईचा गज २७ इंचांचा. त्यातला तसू सव्वा इंचाहून थोडा लहान, १ इंच आणि वर एक सूत. आता ३३ इंचांचा गज आणि २७ इंचांचा गज यांत फरक सहा इंचांचा. कापड घेताना तो सहज दिसतो. पण घनगज केला की फरक तीनदा गुणला जातो. ३३ इंचांचा घनगज ०.५८९ घनमीटर, २७ इंचांचा ०.३२३. पहिला दुसऱ्याच्या पावणेदोन पटींहून मोठा. लांबीत केलेली छोटी चूक घनफळात मोठी होते, ती अशी.

हा सगळा गोंधळ संपवायला तर मेट्रिक पद्धत आली, असे कोणी म्हणेल. फ्रान्सच्या १७९५ च्या कायद्यात मीटर, लिटर आणि ग्रॅमच्या जोडीने स्टेर हे एककही होते. एक घनमीटर एवढे हे माप मुख्यतः जळाऊ लाकडासाठी ठरवले होते. म्हणजे लाकूड मोजण्याची अडचण मेट्रिक पद्धतीच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. पण स्टेर म्हणजे रचलेली रास. राशीत लाकडांमध्ये हवा असते. रास एक घनमीटरची असली तरी भरीव लाकूड साधारण दोन तृतीयांश. पुन्हा तोच प्रश्न: एक घनमीटर कशाचा?

भारतात वजने-मापांचा कायदा १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. माझ्या लहानपणी घरातले मोठे आण्यात आणि शेरात बोलत, ते बोलणे हळूहळू थांबले. लाकडाच्या बाजारात मात्र घनफूट गेला नाही. आजही वखारीत भाव सीएफटीचा. वाळू-खडी घ्यायला गेलात तर ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. सुतार अजून सूत आणि इंच बोलतो.

जिथे घनमीटर आला, तिथेही दोरी आत शिरली. अनेक वन आगारांत ओंडका सेंटीमीटरात आणि मीटरात मोजला जातो, पण सूत्र तेच: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. परदेशातून येणाऱ्या सागाच्या व्यवहारातही हॉपस घनमीटर असा शब्द रूढ आहे. असा एक घनमीटर म्हणजे प्रत्यक्षात १.२७३ घनमीटर लाकूड. एकक बदलले, पद्धत राहिली. कागदावर घनमीटर लिहिलेले पाहून आपण निर्धास्त होतो, आणि तिथेच चुकतो.

जंगलाचा इतिहास लिहिणाऱ्यांना याची झळ अधिक बसते. इंग्रजी काळातल्या अहवालांत अमुक जंगलातून अमुक हजार घनफूट गोल साग काढला असे आकडे येतात. ते चौथाई घेराचे असतील आणि आपण ते ३५.३१ ने भागले, तर तोड आहे त्यापेक्षा एक पंचमांशाहून कमी दिसते. मग आजच्या खऱ्या घनमीटरशी तुलना केली की जुने जंगल गरीब आणि आजचे श्रीमंत भासते. ज्या डोंगरांवरून लाकूड गेले त्यांच्या नुकसानीचा एक पाचवा हिस्सा हिशेबातूनच गळतो. कोणी खोटे बोललेले नसते, तरी इतिहास खोटा होतो.

म्हणून जुनी वही, जुना करारनामा किंवा वारशाच्या वाटणीचा कागद हाती आला, तर आधी चार गोष्टी पाहाव्यात असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

लाकूड गोल की चौकोनी? चौकोनी असेल तर घनफूट बहुधा खरा असतो.

गोल असेल तर चौथाई घेराने मोजले का? यादीतला एक ओंडका घेऊन गणित करून पाहावे. आकडा जुळला की उत्तर मिळाले.

घेर सालीसकट की साल काढून, आणि तो कुठे घेतला? बुंध्याशी, मध्यावर की शेंड्याकडे?

फूट, गज, खंडी, टन असेल तर कोणत्या गावचा, कोणत्या बाजाराचा?

एवढे कळल्यावर गुणाकाराला पाच मिनिटे लागतात. खरा घनफूट असेल तर ०.०२८३२ ने गुणावे, हॉपसचा असेल तर ०.०३६०५ ने. टन चौकोनी असेल तर १.४१६, गोल असेल तर १.८०३. हे कळले नाही तर आकडा जसा आहे तसा, जुन्या एककासह लिहावा आणि बाजूला 'पद्धत अज्ञात' असे नोंदवावे. त्यात कमीपणा नाही.

मशिदीचे काम पुढे पुरे झाले. खांबांपैकी बरेचसे जुनेच राहिले, फक्त बुडाशी कापून दगडाच्या बैठकीवर घेतले. नव्या हिशेबाच्या वहीत इंजिनीअरने स्वतःच्या हाताने लिहिले: 'नवे लाकूड चौकोनी, घनमीटर खरे. जुन्या वहीतले ४१२ घनफूट गोल लाकडाचे, चौथाई घेराने, म्हणजे १४.८५ घनमीटर.' ते वाचून दाखवल्यावर मुतवल्लींच्या नातवाने वही मागून घेतली, ती ओळ एकदा डोळ्यांखालून घातली आणि खाली सही केली. हळू आवाजात बोललेले गृहस्थही तिथे होते. त्यांनी त्याला बाजूला नेऊन काही सांगितले. काय सांगितले ते मी विचारले नाही.